पेवात पडलेला रंगूनचा तांदूळ

सादिक दलालानं भरली गाडी नेमकी पेवावर उभी केली.

कनेरगाव नाक्याच्या अलीकडं लमाणांचा तांडा होता आणि तिथं मोकळ्या जागेला काही तोटा नव्हता. पाहिलं तर थेट वाशीमपर्यंत मोकळंच होतं. पण वैशाखाचं ऊन, हिंगोलीपासून धुरळा खात आलेले बैल, आणि समोर भिकाबाईच्या घरापुढं लिंबाची गार सावली. त्या सावलीत इतकं गुळगुळीत सारवलेलं अंगण, की सादिकला वाटलं, हे आपण येणार म्हणूनच सारवलंय. त्यानं रुबाबात कासरा ओढला. उजवं चाक ‘कर्रर्र’ करून जे खाली गेलं ते थेट आसापर्यंत. गाडी कलली. सादिक उकिरड्यात गेला, त्याच्या मागून त्याची लाल रूमी टोपी गेली, आणि गाडीतली तांदळाची दोन्ही पोती फुटून त्यातला पांढराशुभ्र रंगूनचा तांदूळ सरसर करत जमिनीच्या पोटात गेला.

पेव म्हणजे जमिनीखालचं कोठार. तोंड अरुंद, पोट रांजणासारखं. आतून कडब्याचं अस्तर लावायचं, ज्वारी भरायची, वर पुन्हा कडबा, मग फळ्या, मग माती, आणि शेवटी असं झकास सारवून टाकायचं की परक्या माणसाला ते अंगण वाटावं. सादिक परका होता. त्याला अंगण वाटलं. तांड्यातलं दोन वर्षांचं पोरगंसुद्धा त्या जागेला वळसा घालून जात असे.

टोपी झटकण्याच्याही आधी सादिकला तांदूळ आठवला. दलाल माणूस, स्वतःचं हाड मोडलं की नाही ते तो नंतर पाहतो. उठला तो सरळ त्या भोकाकडं धावला आणि आत उडी टाकणार, इतक्यात मागून कुणीतरी त्याच्या शेरवानीची शेपटी धरून त्याला असं ओढलं, की तो पुन्हा उकिरड्यात जाऊन बसला.

“मरायची घाई झाली व्हय रे तुला?” भिकाबाई म्हणाली.

ही भिकाबाई. बाई हाडापेरानं मजबूत, अंगावर आरशांचा घागरा, दंडापासून मनगटापर्यंत पांढऱ्या बांगड्यांची चळत. ती बोलायच्या आधी तिच्या बांगड्या बोलत. नवरा फुलसिंग जाऊन बरीच वर्षं झालेली. सासरा वसराम म्हणजे जुन्या काळातला मोठा बैलांचा मालक. पाठीवर गोण्या लादलेल्या बैलांचे तांडेच्या तांडे घेऊन तो धान्य इकडून तिकडं न्यायचा. पुढं पूर्ण्याहून हिंगोलीला आगगाडी आली, आणि वसरामच्या बैलांना कुणी विचारीना. म्हातारा मरेपर्यंत आगगाडीत बसला नाही. “ती दाणा घेऊन जाती, पण कुणाच्या घरचा घेतला ते इचारत न्हाई,” असं म्हणायचा. सुनेनं त्याचा हा राग जसाच्या तसा सांभाळला होता, पेवासारखाच.

“मौसी, सोड मला! माझा माल गेला!” सादिक ओरडला.

“माल कुठं जात न्हाई. तूच जाशील.” तिनं घरातून दिवा आणला, दोरीला बांधला आणि भोकातून हळूहळू खाली सोडला. वीतभर गेला, हातभर गेला, आणि फुंकर मारल्यासारखा गप झाला. “बघ. दिव्याला जगवंना तिथं तुला कोण जगवतंय?”

बंद पेवातल्या हवेत माणूस एका श्वासात आडवा होतो, हे सादिकला त्या दिवशी कळलं. हिंगोलीच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, त्यानं ज्वारीची हजार पोती पाहिली होती; ती येतात कुठून हे पाहायला तो कधी वाकलाच नव्हता. तो मुकाट्यानं उकिरड्याच्या कडेला बसून राहिला. भिकाबाईनं दिवा पुन्हा सोडला, पुन्हा विझला; उन्हं कलल्यावर पुन्हा सोडला, आणि मग तो टिकला.

आता तांदूळ कशासाठी आला होता तेही सांगितलं पाहिजे. भिकाबाईच्या लेकाचं, रतनसिंगचं लग्न होतं. त्यानं हिंगोलीत एका लग्नात पांढरा भात पाहिला होता, तेव्हापासून त्याच्या मनानं घेतलं होतं की आपल्या लग्नात पाहुण्यांच्या पानात रंगूनचाच भात पडला पाहिजे. आई म्हणाली, “ज्वारीच्या कण्या काहून न्हाई चालत?” लेक म्हणाला, “याडी, आता कुणी कण्या खातं का?” बोलणं तिथंच थांबलं आणि सादिकची गाडी निघाली.

त्या दिवसांत हिंगोलीला रंगूनच्या तांदळाचं असं काही वेड लागलं होतं की विचारू नका. स्वस्त, पांढरा, निवडायचं काम नाही, शिजायला सोपा. आजूबाजूच्या शेतांत ज्वारीच्या जागी कापूस चढत होता, आणि कापूस विकला की तांदूळ आणायचा, असा सगळ्यांचा हिशोब बसला होता. रंगून कुठं आहे, हे मात्र मोंढ्यात धड कुणाला ठाऊक नव्हतं. माल पूर्ण्याहून यायचा, म्हणून बहुतेकांची समजूत होती की पूर्ण्याच्या पुढं दोन-तीन टेसनं सोडली की रंगून लागतं. सादिक स्वतः गिऱ्हाइकाला छातीठोक सांगायचा, “परवाच तिथून आलाय, अजून गरम हाय.”

त्याची म्हातारी आई खुर्शीदबी तर लेक दलाल झाल्यापासून ज्वारीच्या भाकरीकडं बघत नव्हती. “बेटा, भाकर अब गले में चुभती है,” म्हणायची. तिच्या गळ्याला त्याआधी पन्नास वर्षं ती टोचली नव्हती.

तर लग्नात काय झालं, तांदूळ आणि ज्वारी पेवाच्या तोंडाशी अशी काही एक झाली, की चाळून चाळून बायांचे हात गळाले. शेवटी भिकाबाई म्हणाली, “ऱ्हाऊ द्या. ज्वारी भरडा, तांदूळ तसाच टाका, आन शिजवा एकाच हंड्यात.” पाहुण्यांनी ती काळी-पांढरी खिचडी आधी बोटानं उकरून पाहिली, मग ओरपून खाल्ली. नवरदेवाचं तोंड मात्र मुंडावळ्यांमागं पडलेलंच होतं. पुढं त्या भागात कितीतरी वर्षं म्हातारी माणसं एखादी गोष्ट सांगताना ‘रतनसिंगच्या खिचडीच्या साली’ असंच म्हणत.

पण खरी पंचाईत वेगळीच होती. एकदा पेव उघडलं, आत हवा शिरली, की मग ती ज्वारी राहत नाही. तिला किडा लागतो. उघडलेलं पेव रिकामं करावंच लागतं. सादिकच्या लगेच ध्यानात आलं, की आपल्या हातून झाला तो अपघात म्हणजे खरं तर धंदा आहे. त्यानं टोपी सरळ केली. “मौसी, आता ही ज्वारी ठेवून काय करतीस? मोंढ्यातल्या माझ्या शेठला सांगतो, आजच्या भावानं उचलतो सगळी.”

भिकाबाईनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. तिनं धर्मसिंग नायकाला हाक मारली. तांड्याचा हा नायक गुडघे धरून बसून सगळा तमाशा बघत होता. त्यानं घराघरांत सांगावा धाडला. बाया टोपली घेऊन आल्या. पहिल्या पायलीला कुणी ‘एक’ म्हटलं नाही, ‘लाभ’ म्हटलं, आणि ज्वारी घराघरांच्या कणग्यांत वाटली गेली. सुगीला प्रत्येकानं तेवढीच नवी ज्वारी आणून पेवात घालायची, वरून एक मूठ पाखरांच्या नावानं. सावकारासारखी एकाची दीड घ्यायची वाढी-दिढी इथं नव्हती. तांड्याची रीतच तशी होती. पेव बंद आहे तोवर ते भिकाबाईचं. उघडलं की सगळ्यांचं.

“आन माझा तांदूळ?” सादिकनं रडवेल्या आवाजात विचारलं.

“तोबी पेवातच पडला न्हवं?” भिकाबाई म्हणाली. “मग तोबी सगळ्याचा.”

तांदळाचं मोल त्याला मिळालं नाही. शेठनं ते त्याच्या दलालीतून वळतं केलं. पुढं कित्येक महिने सादिक मोंढ्यात ही गोष्ट अशी सांगायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं, लमाणांच्या बाईनं त्याला दिवसाढवळ्या लुटलं. पण कनेरगावच्या वाटेनं गेला की गाडी वळवून त्या लिंबाखाली जाई. आता पेवापासून चार हात लांब सोडून. भिकाबाई त्याला ताक द्यायची आणि म्हणायची, “आलास का रे? आज कोण्या भोकात पडायचं हाय?”

मग लढाई लागली. सुरुवातीला मोंढ्याला तिचं काही वाटलं नाही. लढाया विलायतेत होत असतात. आणि एके दिवशी बातमी आली, की जपान्यांनी रंगून घेतलं.

तेव्हा कुठं हिंगोलीला कळलं की रंगून पूर्ण्याच्या पुढं नाही. ते समुद्रापलीकडं आहे, तिथून आगबोटी येतात, आणि त्या आता येणार नाहीत. तांदूळ आधी महागला, मग पाठीमागच्या कोठ्यांत गेला, मग तिथूनही दिसेना. तांदळाच्या मागं ज्वारीही चढली, कारण तांदूळ खाणारी सगळी तोंडं आता तिच्याकडं वळली, आणि शेतांत तर कापूस उभा. भाव सकाळी एक, दुपारी एक. सरकारनं लेव्ही बसवली. गिरदावर गावोगाव फिरून धान्याचा वाटा मोजून नेऊ लागला. तांड्याचाही नेला. भिकाबाईनं कुरकुर न करता दिला आणि राहिलेली ज्वारी पेवात घालून वरून सारवून टाकलं.

मोंढ्यात मालच नाही म्हटल्यावर दलालाचं काय काम? सादिक सकाळी टोपी घालून जाई, ओस पडलेल्या ओट्यांवरून चक्कर मारी, कबुतरांशी दोन शब्द बोलून परत येई. कबुतरंही पुढं येईनाशी झाली. त्यांनाही तिथं काही सांडलेलं मिळत नव्हतं. घरी म्हातारी खुर्शीदबी, बायको इशरत आणि तीन लेकरं. घरातलं पितळ एकेक करून बाहेर गेलं. इशरतनं चिंचेचा पाला शिजवून पाहिला. लेकरं आधी रडली, मग रडायचीही थांबली. सादिकला त्या थांबण्याची जास्त भीती वाटली.

चैत्रात शेठनं त्याला बोलावलं. “ती तांड्यावरची बाई तुझ्या वळखीची हाय म्हणत्यात. तिचं पेव भरलेलं हाय. बोलून ये. भाव ती म्हणंल तो. सौदा झाला तर एक पोतं तुझ्या घरी.”

एक पोतं. सादिक हिंगोलीहून पायी निघाला. गाडी-बैल केव्हाच गेले होते. वाटेत चार ठिकाणी बसला, आणि प्रत्येक ठिकाणी उठायच्या आधी शेरवानीच्या गुंड्या नीट लावल्या. अंगात ती शेरवानी आता दुसऱ्याची असल्यासारखी लोंबत होती, पण दलालानं पडेल तोंडानं सौद्याला जायचं नसतं. पडेल तोंड पाहिलं की भाव पडतो, एवढं तरी त्याला येत होतं.

“आलास का रे?” लिंबाखालून भिकाबाई म्हणाली.

“आलो, मौसी. मोठा सौदा घेऊन आलो.”

त्यानं खांद्यावरचा रुमाल काढला. मोंढ्यात भाव तोंडानं बोलत नसत. घेणारा आणि देणारा समोरासमोर बसत, हातांवर रुमाल टाकत, आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून आकडा सांगत. चार माणसं सभोवार उभी असली तरी त्यांना कळायचं नाही. इथं सभोवार फक्त एक शेळी होती, पण सादिकनं रीत सोडली नाही. रुमाल टाकला, खालून भिकाबाईचा हात धरला आणि एक बोट दाबलं.

भिकाबाईनं मूठ मिटलेली होती. बांगड्या गप्प.

त्यानं दोन बोटं दाबली. मग तीन. मोंढ्यात एवढ्यावर माणसं उठून नाचली असती. तिची मूठ दगडासारखी. सादिकच्या कपाळाला घाम आला. त्यानं चार दाबली, मग पुरा पंजा तिच्या मुठीवर ठेवला. म्हणजे आता तूच बोल.

तेव्हा रुमालाखालची मूठ उघडली. सादिकला वाटलं, जमला सौदा! पण ती बोटं आकडा सांगेनात. ती त्याच्या हातावरून फिरत राहिली, मनगटापाशी थांबली, त्याच्या करंगळीत लग्नातली चांदीची अंगठी गरगर फिरत होती ती तिनं चाचपली. बांगड्या हळूच किणकिणल्या.

“रुमाल काढ,” भिकाबाई म्हणाली.

“मौसी, भाव...”

“काढ म्हणते न्हवं!” तिनंच तो ओढून फेकला. “आज घरी काय शिजलं?”

“पुलाव,” सादिक म्हणाला.

“कशाचा?”

सादिकनं शेळीकडं पाहिलं, लिंबाकडं पाहिलं. जन्मभर ज्या जिभेनं गारेगार तांदूळ गरम म्हणून विकला, ती जीभ आज जागची हलेना. “चिंचेच्या पाल्याचा,” तो म्हणाला आणि वाकून फेकलेला रुमाल उचलला. शेवटी रुमाल कामाला आला तो डोळे पुसायला.

भिकाबाई उठली आणि फावडं घेऊन आली.

हे पाहून धर्मसिंग नायक लगबगीनं आला. “भिकाबाई, हे काय करून राहिली? चैतात पेव? आखाडात लेकरायला काय घालशील? उघडलं की वाटावं लागंल, आन वाटलं की चार घरं महिन्यात उडवून बसतील!”

नायकाचं बोलणं खोटं नव्हतं. पेव आषाढाच्या तोंडाला उघडायचं, जेव्हा घराघरातलं संपलेलं असतं; तोवर ते मातीखाली आहे हीच तांड्याची छाती. भिकाबाई क्षणभर फावड्यावर हात ठेवून उभी राहिली. तिचीही नातवंडं त्या अंगणातच खेळत होती.

“नायक, याच्या घरी आखाड चालू झाला हाय,” ती म्हणाली.

“तो काय आपल्या तांड्याचा हाय?”

“रतनच्या लग्नात त्याचा तांदूळ तुमीबी खाल्ला. दोनदा मागून घेतला, म्या वाढला व्हता.”

नायकानं खाकरून पागोटं सारखं केलं. मग तोच फावड्याला हात लावायला पुढं आला. त्या दिवशी ज्वारी वाटली गेली, आणि भिकाबाई दारोदार जाऊन प्रत्येक बाईला सांगून आली, की कणगीचं तोंड शेणानं लिंपा, आणि आखाडाआधी ज्या घरातून जात्याचा आवाज जास्त येईल तिथं मी येऊन बसंन. ती खरंच बसायची. रतनसिंगची बायको पुढं सांगायची, की त्या वर्षी सासूच्या बांगड्या वाजल्या की सगळ्या तांड्यातली जाती थांबत. पण पाऊसकाळ निघाला. कसाबसा निघाला.

पेवात उतरला तो मात्र सादिक. दिवा दोनदा विझला, तिसऱ्यांदा टिकला, मग भिकाबाईनं स्वतःच्या हातानं त्याच्या कमरेला दोर बांधला. खाली अंधारात तो ज्वारीत गुडघाभर उभा राहिला. जुन्या, कोंडलेल्या ज्वारीचा तो आंबूस, ऊबदार वास. आयुष्यभर पोत्यांचा व्यापार केला, पण धान्याच्या पोटात उभं राहायची त्याची ती पहिलीच वेळ. वरून भिकाबाईचा आवाज आला, “जित्ता हायस का रे?”

“हाय, मौसी.”

“मंग भर की लवकर!”

रतनसिंगनं आपल्या गाडीतून त्याला त्याच्या वाट्याच्या ज्वारीसकट हिंगोलीला सोडलं. शेठला सादिकनं एवढंच सांगितलं, की बाई बधली नाही. आणि ते खरंही होतं. घरी इशरतनं भाकरी थापल्या. पेवातल्या ज्वारीला वास येतो, भाकरी जरा काळपट होते. खुर्शीदबीनं पहिला तुकडा मोडला, डोळे मिटून चावला आणि म्हणाली, “बेटा, ये तो मेरी माँ के घर की भाकर है.” गळ्याला टोचण्याचं नाव नाही.

लढाई संपली. मोंढ्यातली कबुतरं परत आली, त्यांच्या मागून दलाल आले. माघ महिन्यात सादिक भाड्याच्या गाडीत नवी ज्वारी घालून तांड्यावर गेला. इशरतनं पायलीनं मोजून, वरून पाखरांची मूठ घालून दिली होती आणि बजावलं होतं, “पेवात स्वतःच्या हातानं टाकून या, अंगणात टाकून येऊ नका.” गाडी त्यानं लिंबापासून इतकी लांब उभी केली, की रतनसिंग हसून म्हणाला, “दलाल, वाशीमातच सोडायची व्हती की!”

भिकाबाई आता थकली होती. पेवाच्या तोंडाशी बसून ती आत उतरलेल्या लेकाला कडबा देत होती. कोणता कसा लावायचा हे सांगताना बांगड्या तशाच वाजत होत्या. सादिकनं आपली ज्वारी ओतली, हात झटकले, आणि हाडात मुरलेला दलाल जागा झालाच. भाव अजून तेजीत होता.

“मौसी, एक सांगू? औंदा हे कष्ट कशाला? विकून टाक सगळी. मोंढ्यात पक्की बातमी हाय, रंगूनच्या आगबोटी पुन्हा चालू व्हणार. दिवाळीला बघ, पांढरा तांदूळ पुन्हा दारात!”

भिकाबाईनं कडब्याची पेंढी खाली दिली आणि मान वर केली.

“आगबोट तांड्यावर येती व्हय रे?”